चमचे जातात कुठे?

ऑफिसच्या चहाच्या खोलीत डझनभर चमचे आणून ठेवावेत आणि महिन्याभराने साखर ढवळायला पेनाचं मागचं टोक वापरावं, हा अनुभव जगभर सारखाच. आपण शिपायावर संशय घेऊन मोकळे होतो. मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी मात्र रीतसर अभ्यास मांडला. एरवी रोगांच्या साथींचा माग काढणारी ही मंडळी. त्यांनी 70 चमचे घेतले, दांड्याच्या मागच्या बाजूला लाल नेलपॉलिशने बारीक आकडे घातले, संस्थेतल्या आठ खोल्यांत कुणाला पत्ता लागू न देता ठेवले आणि पाच महिने नियमाने मोजदाद केली. 56 चमचे गेले!

मग किरणोत्सारी पदार्थांचं काढतात तसं चमच्यांचं ‘अर्धायुष्य’ काढलं. म्हणजे निम्मे चमचे नाहीसे व्हायला लागणारा काळ. जी खोली एखाद्या विभागाची स्वतःची, तिथे चमचे 77 दिवस तग धरायचे. जी सगळ्यांची, तिथे 42. सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही, हे आपल्याला सार्वजनिक नळापासून ठाऊक आहे, पण आता आकडा हाती आला. चमचा साधा की भारीतला, याने काही फरक पडला नाही. संस्थेत कायम 70 चमचे हवे असतील तर वर्षाला सुमारे 250 नवे आणावे लागतील, असा हिशेबही दिला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2005च्या नाताळ अंकात हे सगळं गंभीर चेहऱ्याने छापलं.

मला यात आवडतं ते नेलपॉलिश. चमचे जातात हे सगळ्यांना ‘माहीतच असतं’. आकडे घालून मोजायचा खटाटोप कोण करतो? ज्यांनी केला, अशा काही लोकांच्या या गोष्टी.

चहाच्या खोलीतलंच दुसरं प्रकरण, तेही ऑस्ट्रेलियातलंच. न्यू साउथ वेल्समध्ये पार्क्स इथे 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे. 1998पासून तिच्या नोंदींत अधूनमधून एक चमत्कारिक स्पंद उमटायचा. दूरच्या दीर्घिकांमधून येणाऱ्या खऱ्या रेडिओ झोतांशी तो बराच मिळताजुळता, म्हणून डोकेदुखी मोठी. संशय घ्यायला एक जागा होती: हे स्पंद बहुतेक कामाच्या दिवशी आणि त्यातही दिवसाउजेडी यायचे. विश्वाच्या कुठल्या कोपऱ्यात ऑफिसची वेळ पाळतात? 2015मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. वेधशाळेतला मायक्रोवेव्ह! वेळ पुरी व्हायच्या आधीच कुणी खटकन दार उघडलं आणि नेमकी दुर्बीण त्या बाजूला वळलेली असली, की आतल्या बंद होणाऱ्या मॅग्नेट्रॉनमधून निसटलेली लहर थेट खगोलशास्त्रात जमा व्हायची. डबा गरम करणाऱ्याला शेवटचे पाच सेकंद दम निघाला असता, तर सतरा वर्षांचं कोडं पडलंच नसतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गेल्यावर मोबाइल बंद करायला सांगतात, तेव्हा कुरकुर करू नये ती यासाठी.

छापा, काटा आणि मिथुन रास

नाणेफेक म्हणजे शुद्ध नशीब; पन्नास-पन्नास टक्के. पर्सी डायकोनिस या गणितज्ञाचा यावर विश्वास नव्हता. गणिताकडे वळण्याआधी हे गृहस्थ जादूगार होते, त्यामुळे नाण्यांवर विश्वास न ठेवण्याची सवय जुनीच. 2007मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गणित मांडलं: अंगठ्याने उडवलेलं नाणं हवेत फिरताना किंचित डुलतं, त्यामुळे सुरुवातीला वर असलेली बाजू एकंदरीत जास्त वेळ वर राहते आणि झेलताना तीच वर येण्याची शक्यता जवळपास 51 टक्के असते.

गणित झालं, पण उडवून कोण बघणार? अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या फ्रांटिशेक बार्तोश यांनी माणसं जमवली. 48 जणांनी 46 प्रकारची नाणी घेऊन 3,50,757 वेळा नाणेफेक केली, हाताने, एकेक नोंद करत. निकाल: सुरुवातीची बाजू 50.8 टक्के वेळा वर. म्हणजे नाणं उडवण्याआधी वर काय आहे ते बघून दर वेळी त्याच बाजूवर रुपया लावलात, तर हजार डावांनंतर साधारण सोळा रुपये सुटतील. अंगठा दुखेल तो वेगळा.

आता राशी. 1988मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका प्रचंड मोठ्या चाचणीचा निकाल आला. हार्ट अ‍ॅटॅकच्या 17,187 रुग्णांवर केलेली ही चाचणी. रोज थोडीशी अ‍ॅस्पिरिन महिनाभर दिली, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी घटतात, असं तिने दाखवलं. आज छातीत कळ आल्यावर अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला देतात, त्यामागे ही चाचणी आहे. पण संपादकांचं समाधान होईना. वयाप्रमाणे तुकडे पाडून दाखवा, बायका-पुरुष वेगळे दाखवा, अमुक दाखवा, तमुक दाखवा. ऑक्सफर्डच्या रिचर्ड पीटो यांच्या चमूला ठाऊक होतं, की आकडे इतके बारीक चिरले की त्यातून वाटेल ते निघतं. ते म्हणाले, दाखवतो, पण मग राशीप्रमाणेही दाखवणार. तसं दाखवलंच. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग नाही, उलट किंचित अपायच. बाकी दहा राशींना भरघोस फायदा! हा तक्ता लॅन्सेटमध्ये छापलेला आहे आणि तो खोटा नाही. फक्त त्याला काही अर्थ नाही. (शिवाय या पाश्चात्त्य, सूर्यावरून काढलेल्या राशी. आपल्या चंद्रराशींवर पुन्हा वेगळा तक्ता निघाला असता.) यापुढे ‘चाळिशीच्या वरच्या, शाकाहारी महिलांमध्ये’ अशी सुरुवात असलेली आरोग्यवार्ता वाचाल, तेव्हा मिथुन राशीची आठवण ठेवा.

पत्रिकेची सरळसरळ परीक्षा पुण्यात झाली. 2008मध्ये जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका मांडल्या. ज्योतिषांनी फक्त ओळखायचं: हुशार कोण? प्रत्येकी चाळीस पत्रिका घेऊन 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी निम्मीही बरोबर आली नाहीत. एका ज्योतिष संस्थेने तर सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या. त्यांचे 102 निकाल बरोबर निघाले. नाणं उडवलं असतं तर काम लवकर झालं असतं.

गिरणगावातलं काळं औषध

आरोग्याच्या गोष्टींत मला सगळ्यात आवडते ती मुंबईतली, आणि मुंबईकरांनाच ती फारशी ठाऊक नसते. 1928मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या कितीतरी गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या. काही दगावत होत्या. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी मोजक्याच, पण आकाराने अवाढव्य. तेव्हा माहीत असलेल्या एका रक्तक्षयाशी हे चित्र जुळत होतं. त्यावर यकृताचा अर्क देत. पण शुद्ध केलेला अर्क इथे लागू पडेना. जंतू शोधून झाले, काही सापडलं नाही. मग बाईंनी ताटात डोकावून बघायला सुरुवात केली. कोण काय खातं, कुणाच्या ताटात काय नसतं? ज्यांचं जेवण सर्वांत हलाखीचं, त्यांच्यात आजार जास्त होता. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आसऱ्याने त्यांनी उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग केले आणि औषध सापडलं ते ब्रिटिश न्याहारीच्या टेबलावरचं: मार्माइट. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला, पावाला फासायचा काळा, खारट, चिकट लगदा. निम्म्या इंग्लंडला तो आवडत नाही. बायकांना तो चारायला सुरुवात केल्यावर थोड्याच दिवसांत भूक परतली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. 1931मध्ये हे प्रसिद्ध झालं. लगद्यात नेमकं काय आहे हे कळेना, म्हणून त्याला नुसतं ‘विल्स फॅक्टर’ म्हणत.

दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं: फॉलिक अ‍ॅसिड. पुढे 1945च्या सुमारास ते प्रयोगशाळेत तयार केलं अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीतल्या चमूने. चमूचा प्रमुख होता आंध्रातल्या भीमावरमचा, येल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि मग त्याच चमूने फॉलिक अ‍ॅसिडच्या नेमकं उलट वागणारी द्रव्यं बनवली, जी सिडनी फार्बर यांनी 1947-48मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर वापरली. केमोथेरपीची ही सुरुवातीची पावलं. आज दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टर जी छोटी गोळी लिहून देतात, तिचा पत्ता असा लालबाग-परळचा आहे.

औषधपाण्यातल्या आणखी दोन, पटकन सांगून टाकतो. बोटं मोडू नकोस, संधिवात होईल, असं कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड उंगर यांना लहानपणी आईने बजावलं, मावश्यांनी बजावलं, पुढे सासूबाईंनीही बजावलं. हे डॉक्टर झाले आणि आयुष्यभर फक्त डाव्या हाताची बोटं मोडत राहिले, दिवसातून किमान दोनदा. उजवा हात तुलनेला. पन्नास वर्षांनी, 1998मध्ये, त्यांनी निकाल कळवला: दोन्ही हात ठणठणीत. 2009मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. नमुना एकाच माणसाचा, हे खरं. पण सासूबाईंकडे तेवढाही नव्हता.

दुसरी गोष्ट, 2018ची. विमानातून उडी मारताना पॅराशूटचा उपयोग होतो का? निम्म्यांना पॅराशूट, निम्म्यांना रिकामी पिशवी, चिठ्ठ्या टाकून. निष्कर्ष: मृत्यू किंवा गंभीर इजा यांत काहीही फरक नाही! बारीक अक्षरातला मजकूर वाचला की कळतं, विमान जमिनीवर उभं होतं आणि उडी सरासरी 0.6 मीटरची होती. संशोधकांनी हा वात्रटपणा मुद्दाम केला होता, मथळे वाचून औषधं बदलणाऱ्यांसाठी.

एक किलो डाळ

इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांना एक त्रास होता. आईबाप मुलांना न्यायला उशिरा येत आणि बाई ताटकळत. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरं निवडून त्यातल्या सहांत दंड लावला: दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर, दहा शेकेल. उशिरा येणारे आईबाप वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंसमोर ओशाळं व्हायला होत असे. आता काय, पैसे भरतोय ना! मग दंड रद्द केला. तरी उशीर काही कमी झाला नाही. ओशाळेपणा एकदा गेला तो गेलाच. आपल्या सोसायट्यांच्या सचिवांनी पुढच्या सभेत दंडाचा ठराव मांडण्याआधी हे जरूर वाचावं.

अर्थशास्त्र म्हटलं की शेअर बाजार डोळ्यांसमोर येतो. मला मासळी बाजार येतो, आणि त्याला कारण रॉबर्ट जेन्सन हे अर्थतज्ज्ञ. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर तारलीच्या बाजारांची नोंद ते ठेवत होते. जानेवारी 1997मधली एक पहाट: वडकरा इथे अकरा मच्छीमार भरल्या होड्या घेऊन उभे, गिऱ्हाईक नाही, माल समुद्रात फेकायची वेळ. आणि तिथून पंधरा किलोमीटरच्या आत दुसऱ्या किनाऱ्यांवर 27 गिऱ्हाइकं मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाताने निघालेली! एकमेकांना कळायचं कसं? त्याच वर्षी तिथे मोबाइलचे टॉवर यायला लागले. टॉवर किनाऱ्याजवळ असल्याने सिग्नल पाण्यात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत पोचायचा. मच्छीमार होडीतूनच भाव विचारू लागले आणि जिथे मागणी तिथे होडी वळवू लागले. आधी पाच ते आठ टक्के मासळी वाया जायची, ती जायची थांबली. मच्छीमारांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली. विकणाराही खूश, घेणाराही खूश, असं पुस्तकाबाहेर क्वचितच होतं. मालवणच्या रापणकराला हे समजावून सांगायची गरज नाही.

उदयपूरजवळच्या गावांतली गोष्टही अशीच. लसी फुकट, तरी पूर्ण लसीकरण झालेली मुलं अवघी सहा टक्के. नर्स हमखास येईल अशी शिबिरं भरवली, तेव्हा आकडा 18 टक्क्यांवर गेला. मग काही गावांत प्रत्येक डोसामागे एक किलो डाळ आणि सगळे डोस पुरे झाल्यावर स्टीलच्या थाळ्या. आकडा 39 टक्के! लोक लसीच्या विरोधात नव्हतेच. आजची मजुरी बुडवून जायला आजचं काही कारण हवं होतं. अजून एक मजा: डाळ वाटूनसुद्धा दर मुलामागचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला, कारण नर्सचा पगार तोच आणि मुलं मात्र जास्त. हा अभ्यास करणाऱ्यांत होते अभिजित विनायक बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो, 2019चे नोबेलवाले. अभिजितबाबूंचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर. डाळीचं महत्त्व कळलं ते उगाच नाही.

दहा नारळ किती?

ब्राझीलमधलं रेसिफे शहर, 1980च्या दशकाची सुरुवात. रस्त्यावर नारळ विकणारा बारा वर्षांचा मुलगा. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या संशोधकाने विचारलं, एक नारळ 35चा, तर दहा कितीला? मुलगा तोंडाने पुटपुटला: तीन नारळांचे 105, आणखी तीन म्हणजे 210, अजून चार हवेत, म्हणजे 315, आणि एक... 350. दहाने गुणायला नुसतं पुढे शून्य द्यायचं, हे शाळेने शिकवलेलं त्याच्या कामाला आलं नाही. आलं ते तीन-तीनचे वाटे करण्याचं कसब. अशी पाच मुलं तपासली. धंद्याच्या जागी 98 टक्के उत्तरं बरोबर. तीच गणितं कागदावर, नुसत्या आकड्यांत दिली, तर 37 टक्के. तेरेझिन्हा नुनेस-काराहर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध 1985चा.

आपल्याकडे याची मोठी आवृत्ती 2025मध्ये ‘नेचर’मध्ये आली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी 1,436 मुलं. आठशे ग्रॅम बटाटे, एक किलो चारशे ग्रॅम कांदे, दोनशेची नोट, सुटे किती? चटकन सांगतात. शाळेतला साधा भागाकार दिला की अडतात. आणि उलट बाजूही तपासली: शाळकरी मुलं वहीत बरी, पण बाजारातला हिशेब घातला की गांगरतात. म्हणजे ‘ह्याला गणित येत नाही’ असं म्हणताना कुठलं गणित, हे आधी विचारायला हवं. पाठ्यपुस्तक मंडळांनी हा निबंध भिंतीवर लावावा, असं माझं मत.

शिकवणाऱ्यांचीही परीक्षा झाली आहे. 1970च्या सुमारास अमेरिकेत ‘डॉ. फॉक्स’ नावाच्या विद्वानाने मनोविकारतज्ज्ञ आणि शिक्षकांपुढे डॉक्टरी शिक्षणातल्या गणितावर व्याख्यान दिलं. ऐटबाज, हसतखेळत, प्रश्नोत्तरांसकट. श्रोत्यांनी चांगले शेरे दिले. डॉ. फॉक्स हा मायकेल फॉक्स नावाचा नट होता आणि व्याख्यान मुद्दाम अर्थहीन, स्वतःलाच छेद देणारं लिहिलेलं होतं. कुणाला शंका आली नाही. क्लासच्या जाहिरातीतले ‘विद्यार्थ्यांचे अभिप्राय’ वाचताना उपयोगी पडेल.

परीक्षेच्या तोंडावर असलेल्यांसाठी मात्र कामाचं: रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, 81 विरुद्ध 75 टक्के. आठवड्याने तपासलं तर वाचणारे 42 वर घसरलेले, लिहिणारे 56 वर. पिवळ्या मार्करने पानं रंगवण्यात जो आत्मविश्वास येतो, तो पाच मिनिटांचा.

थेंबे थेंबे

शेवटी भौतिकशास्त्र, आणि घाई नसलेल्यांसाठीच. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात 1927मध्ये थॉमस पार्नेल या प्राध्यापकाने नरसाळ्यात डांबर ओतलं. हातोडा मारला तर काचेसारखं फुटणारं डांबर खरं तर द्रव आहे, एवढंच विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. तीन वर्षं त्याला बसू दिलं, 1930मध्ये नरसाळ्याचं टोक कापलं. पहिला थेंब पडायला आणखी आठ वर्षं लागली. हे डांबर पाण्यापेक्षा सुमारे 230 अब्ज पट दाट आहे, असा हिशेब आहे.

पुढे या प्रयोगाची राखण जॉन मेनस्टोन यांच्याकडे आली. 1979मध्ये थेंब पडला तो सुट्टीच्या दिवशी. 1988मध्ये ते टपून बसले होते. पाच मिनिटं काहीतरी प्यायला बाहेर गेले, तेवढ्यात पडला. 2000मध्ये ते परदेशी होते, पण कॅमेरा लावलेला होता. कॅमेरा ऐन वेळी बंद पडला. 2013च्या जुलैत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने आपल्याकडच्या अशाच प्रयोगातला पडता थेंब पहिल्यांदा कॅमेऱ्यात पकडला. त्याच ऑगस्टमध्ये मेनस्टोन वारले, अर्धं शतक राखण करून, एकही थेंब पडताना न बघता. ब्रिस्बेनचा नववा थेंब त्यानंतर आठ महिन्यांनी, एप्रिल 2014मध्ये सुटला.

आता तिथे दहाव्याची वाट बघणं चालू आहे आणि त्याचं थेट प्रक्षेपण इंटरनेटवर बघता येतं. बघायला बसलात तर चहा आधीच करून घ्या.